पदवी झाली, आता पुढे काय? शिक्षण, समुपदेशन आणि आरोग्य क्षेत्रातील वाटा

निकालाचे दिवस आले की परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, सेलू, मानवत, पूर्णा अशा प्रत्येक गावातील घराघरांत एकच विषय निघतो. मुलगा बीए झाला, मुलगी बीएस्सी झाली, आता पुढे काय? शेजारची मुलगी बी.एड. करते म्हणून आपलीही बी.एड. करते. कुणी सांगतो स्पर्धा परीक्षा द्या, कुणी म्हणतो शिक्षण बास झाले, आता स्थळे पाहा. या गडबडीत वर्ष निघून जाते, आणि कधी कधी दोन वर्षे व घरची जमापुंजी घालून घेतलेली पदवी ज्या नोकरीसाठी घेतली तिथेच चालत नाही असे नंतर कळते.

गेल्या दोन-तीन वर्षांत नियम बरेच बदलले आहेत. काही वाटा बंद झाल्या, काही नव्याने उघडल्या. जुन्या माहितीवर विसंबून प्रवेश घेणाऱ्यांचे नुकसान होते आहे. म्हणून शिक्षण, समुपदेशन आणि आरोग्य या तीन क्षेत्रांत पदवीनंतर काय शिकता येते, कुठे शिकता येते आणि कुठे सावध राहायचे, हे या लेखात सविस्तर मांडले आहे. ही तिन्ही माणसांची सेवा करण्याची क्षेत्रे आहेत. त्यातील बरेचसे काम आपल्याच जिल्ह्यात राहून करता येते आणि मुलींनाही त्यात मोठा वाव आहे.

आपण कुठे उभे आहोत?

२००६ साली सच्चर समितीने देशापुढे एक आरसा धरला होता. नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या वर्गातील २५ विद्यार्थ्यांमागे एक मुस्लिम, आणि पदव्युत्तर वर्गात ५० मागे एक, असे समितीने नोंदवले होते. म्हणजे पदवीच्या वर्गात जे प्रमाण होते, ते पुढच्या पायरीवर आणखी निम्म्यावर येत होते.

आज चित्र थोडे बदलले आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते आणि त्यांत जवळपास निम्म्या मुली होत्या. मुली शिकत आहेत, हे आपण आपल्या मोहल्ल्यातही पाहतो. अडचण पदवीनंतर सुरू होते. कोणता अभ्यासक्रम, कोणते गाव, किती खर्च आणि शेवटी काय हाती येणार, हे सांगणारे माणूस घरात नसते. बऱ्याच घरांत ती मुलगीच पहिली पदवीधर असते.

मराठवाड्यातील मुस्लिम कुटुंबांना उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणे नवे नाही. परभणी निजाम संस्थानात होती तेव्हा इथली हुशार मुले हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात जात. १९१८ मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठात वरचे शिक्षण उर्दूतून मिळत असे. पुढे १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. परभणी जिल्हा या नांदेड विद्यापीठाच्या कक्षेत येतो. म्हणजे आजोबांना जे शोधायला हैदराबाद गाठावे लागत होते, त्यातले बरेचसे नातीला रेल्वेच्या तासा-दीड तासाच्या अंतरावर मिळते.

शिक्षण क्षेत्र : बी.एड. च्या आधी हे वाचा

आपल्याकडे शिक्षक व्हायचे म्हणजे बी.एड. असे समीकरण पक्के बसले आहे. ते अर्धेच खरे आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड. म्हणजे जुन्या भाषेत डी.एड. हवे. त्यामुळे ज्या मुलीला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लहान मुलांना शिकवायचे आहे, तिने बी.एड. ला प्रवेश घेऊन उपयोग नाही. सहावी ते आठवी, नववी-दहावी या वर्गांसाठी पदवी आणि बी.एड. लागते. अकरावी-बारावीला त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. अशी जोड लागते.

बी.एड. दोन वर्षांचे आहे. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतो. पदवीला खुल्या गटासाठी ५० टक्के गुण लागतात, राखीव गटाला सवलत आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच सीईटीचा अर्ज भरावा लागतो. निकाल लागल्यावर चौकशी करणाऱ्यांची गाडी त्या वर्षापुरती सुटलेली असते.

उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी एक चांगली सोय आहे. १९९८ मध्ये हैदराबादला स्थापन झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात बी.एड. आणि एम.एड. उर्दूतून करता येते. या केंद्रीय विद्यापीठाचे एक शिक्षक-शिक्षण महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरलाही आहे. प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतंत्र परीक्षा असते आणि आधीच्या शिक्षणात उर्दू असावी लागते. केंद्रीय विद्यापीठ असल्याने खर्च खाजगी महाविद्यालयापेक्षा कितीतरी कमी येतो. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्येही शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय आहे.

आता टीईटीविषयी. बी.एड. किंवा डी.एल.एड. झाले म्हणजे नोकरीचे दार उघडले असे नाही. पहिली ते पाचवीसाठी टीईटीचा पहिला पेपर आणि सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. १५० पैकी ९० गुण, राखीव गटाला थोडी सवलत. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या भरतीसाठी पुढे टेट ही अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल असते. नावे सारखी वाटली तरी टीईटी ही पात्रता आहे आणि टेटचे गुण निवडीसाठी लागतात.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांना दोन वर्षांची मुदत दिली. हे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातील एका अल्पसंख्याक शिक्षणसंस्थेच्या नावानेच ओळखले जाते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा नियम लागू करायचा की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणून आपल्या उर्दू शाळेत लागायचे आहे, टीईटी कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हा विचार सोडावा. निर्णय कोणताही येवो, टीईटी पास असलेल्याचे काही बिघडणार नाही.

बी.एड. नंतर दोन वर्षांचे एम.एड. करता येते. नांदेड विद्यापीठाच्या आवारात शिक्षणशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. एम.एड. आणि नेट किंवा सेट झाले की अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापक होण्याची वाट मोकळी होते.

ज्यांना वर्गात उभे राहून शिकवण्यापेक्षा पाठ्यपुस्तके, शिक्षक प्रशिक्षण, स्वयंसेवी संस्थांचे काम यांत रस आहे, त्यांच्यासाठी एमए शिक्षण हा अभ्यासक्रम आहे. त्याला बी.एड. ची अट नसते, कोणताही पदवीधर अर्ज करू शकतो. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात कुटुंबाचे उत्पन्न पाहून फी आणि राहण्याच्या खर्चात सवलत दिली जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनेही हा अभ्यासक्रम रुजवला आहे. मात्र नुसत्या एमए शिक्षणावर शाळेत शिक्षक म्हणून नियमित नेमणूक मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

विशेष शिक्षण : गर्दी कमी, गरज मोठी

दिव्यांग मुलांना शिकवणारे शिक्षक आपल्या जिल्ह्यात शोधून सापडत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता त्यांत आल्या. जे मूल वर्गात मागे पडते म्हणून मार खात होते, त्याला खरे तर वेगळ्या पद्धतीने शिकवायची गरज होती, हे आता कायदाही सांगतो. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष शिक्षकांची पदे जाहीर करून भरण्याचे आदेश दिले.

यासाठी बी.एड. विशेष शिक्षण हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो भारतीय पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेचा असला पाहिजे, आणि उत्तीर्ण झाल्यावर परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्र सरकारच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, ते अली यावर जंग हैदराबादचे. उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे ते कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. कर्णबधिर मुलांचे शिक्षक आणि वाचा-श्रवण तज्ज्ञ घडवण्याचे काम तिथे चालते. घरात किंवा नात्यात ऐकू न येणारे मूल असलेल्या कुटुंबांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

समुपदेशन : मागणी वाढली, पण पदवी कुठली ते पाहा

समुपदेशन म्हणजे सल्ला देणे नव्हे. सल्ला तर मामूही देतात आणि शेजारीही देतात. समोरच्याचे नीट ऐकून घेणे, त्याच्या मनातला गुंता त्यालाच उलगडायला मदत करणे, आणि हे प्रकरण डॉक्टरकडे पाठवण्याचे आहे का हे ओळखणे, याचे शास्त्र शिकावे लागते.

या कामाची गरज मराठवाड्याला ठाऊक आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. मराठवाड्यातील सगळे जिल्हे त्यात होते. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले : १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. यात शाळा, महाविद्यालये आणि कोचिंग क्लासही आले. नीटच्या तयारीसाठी लातूर-नांदेडला मुले पाठवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील पालकांना याचे महत्त्व लगेच कळेल.

आता सावधगिरीची गोष्ट. घरबसल्या दूरशिक्षणातून एमए मानसशास्त्र करायचे, ही आपल्या मुलींमध्ये सर्वांत लोकप्रिय वाट होती. लग्नानंतरही करता येत होते. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. अन्न व पोषणशास्त्र, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान हे विषयही त्या यादीत आहेत. याचे मूळ २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आहे. त्या कायद्याने समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ यांना आरोग्य व्यावसायिक मानले, आणि आरोग्याचे काम प्रत्यक्ष रुग्ण न पाहता शिकता येत नाही अशी भूमिका घेतली गेली. तेव्हा कुणी एजंट अजूनही घरबसल्या एमए सायकॉलॉजीची पावती फाडत असेल तर पैसे देऊ नका. त्यापूर्वी रीतसर प्रवेश घेतलेल्यांची गोष्ट वेगळी आहे.

मग करायचे काय? नियमित एमए मानसशास्त्र करावे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. देशपातळीवर जायचे असेल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था, अलीगढ आणि जामिया मिल्लिया येथे मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेशाचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. कुठे पदवीला मानसशास्त्र विषय लागतो, कुठे लागत नाही. म्हणून जी मुलगी आता बारावीत आहे आणि जिला ही आवड आहे, तिने बीएला मानसशास्त्र विषय निवडावा. पुढची अर्धी अडचण तिथेच मिटते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. समुपदेशक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, हे एक नव्हेत. एमए मानसशास्त्र केले म्हणून नावापुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिता येत नाही. त्यासाठी पुनर्वसन परिषदेच्या मान्यतेचे शिक्षण आणि परिषदेची नोंदणी लागते. बंगळुरूची निम्हान्स ही त्यातील देशातील अग्रगण्य संस्था. औषधे लिहून देण्याचा अधिकार तर फक्त डॉक्टरांना असतो.

ज्यांना मानसशास्त्राला प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हा भक्कम पर्याय आहे. कोणत्याही शाखेचा पदवीधर तो करू शकतो. सखी वन स्टॉप सेंटर, बालकल्याणाच्या यंत्रणा, एचआयव्ही तपासणी केंद्रे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, रुग्णालयांतील समाजसेवा विभाग अशा ठिकाणी एमएसडब्ल्यू झालेल्यांना घेतले जाते. बरीचशी पदे कंत्राटी असतात, हेही खरे. टाटा संस्थेचा एक परिसर तुळजापूरला आहे आणि ग्रामीण विकासाचे शिक्षण हे त्याचे वैशिष्ट्य. कोर्ट-कचेरीपर्यंत जाणारे घरगुती वाद, व्यसन, परीक्षेचा ताण या सगळ्यांत प्रशिक्षित माणूस हाताशी असणे किती मोलाचे आहे, हे प्रत्येक जमातीच्या जबाबदार लोकांना माहीत आहे.

आधीच शिक्षक असलेल्यांसाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. काही भाग दुरून आणि काही भाग प्रत्यक्ष हजर राहून, अशी त्याची रचना असल्याने नोकरी सांभाळून तो करता येतो.

आपल्या मुला-मुलींकडे यात एक भांडवल जन्मजात आहे. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. दुःख माणूस आपल्या बोलीतच सांगतो. रुग्णालयात आलेली एखादी अम्मा आपल्या बोलीत मन मोकळे करू शकेल आणि तिचे म्हणणे मराठीत डॉक्टरांना नीट समजावून सांगता येईल, असा समुपदेशक परभणीला हवाच आहे.

आरोग्य क्षेत्र : डॉक्टरकीच्या पलीकडे

एमबीबीएस झाले नाही म्हणजे आरोग्य क्षेत्र संपले, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. रुग्णालय मोठे होते तेव्हा डॉक्टरांबरोबर परिचारिका, तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, समाजसेवा अधीक्षक, व्यवस्थापक यांचीही गरज वाढते.

परिचर्येपासून सुरुवात करू. बीएस्सी नर्सिंगनंतर किमान एक वर्षाचा अनुभव घेऊन एमएस्सी नर्सिंग करता येते. त्यात बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, वैद्यकीय-शल्य परिचर्या अशा शाखा आहेत. एमएस्सी झालेल्या परिचारिका नर्सिंग महाविद्यालयात शिकवू शकतात. बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान आणि जीवशास्त्र लागते. कला शाखेच्या मुलीला मात्र जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम खुला आहे. त्यानंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी आणि पुढे एमएस्सी, असा लांबचा पण पक्का रस्ता आहे. रात्रपाळी आणि पुरुष रुग्णांची शुश्रूषा यांविषयी घरच्यांच्या मनात शंका असतात. त्या मनात ठेवू नयेत, प्रवेशापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. प्रसूती, बालरोग आणि अध्यापन अशा वाटाही याच पदवीतून फुटतात.

युनानी डॉक्टर आपल्या समाजात मोठ्या संख्येने आहेत. बीयूएमएस झालेल्यांना एमडी युनानीसाठी आयुषची अखिल भारतीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. बंगळुरूची राष्ट्रीय युनानी चिकित्सा संस्था हे त्यातील महत्त्वाचे केंद्र. मुआलिजात, स्त्रीरोग व प्रसूती, प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक अशा शाखा तिथे आहेत. एमडी झाले की युनानी महाविद्यालयात अध्यापनाची संधी मिळते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात समुदाय आरोग्य अधिकारी या पदासाठीही बीएएमएस आणि बीएस्सी नर्सिंगबरोबर बीयूएमएस पदवीधरांचा विचार होतो.

सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी म्हणजे एमपीएच. साथ का पसरली, लसीकरण का अडले, गर्भवती मातांची तपासणी किती झाली, याचा अभ्यास करून योजना आखणे हे तिचे काम. बीयूएमएस, बीडीएस, नर्सिंग यांच्याबरोबर अनेक ठिकाणी इतर शाखांचे पदवीधरही पात्र असतात. टाटा संस्था आणि निम्हान्स येथे हा अभ्यासक्रम आहे. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र, संख्याशास्त्र यांत पदवी घेतलेल्यांसाठी मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था देशाच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते.

आता घराजवळची गोष्ट, जी परभणीतच राहून अनेकांना माहीत नसते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे आपण शेतीचे विद्यापीठ म्हणून पाहतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वी त्याला गृहविज्ञान म्हणत. बारावीनंतर चार वर्षांची पदवी आणि त्यानंतर अन्न व पोषण किंवा मानव विकास व कुटुंब अभ्यास या विषयांत एमएस्सी करता येते. बालवाडी, अंगणवाडी, आहार सल्ला, पालक मार्गदर्शन अशी कामे यातून मिळतात. मुलीला बाहेरगावी वसतिगृहात ठेवायची तयारी नसलेल्या घरांसाठी घरून जाऊन-येऊन करता येण्यासारखे हे शिक्षण आहे.

पैशाचे काय?

पीएच.डी. करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली, ही दुःखाची गोष्ट आहे. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाची पढो परदेस योजनाही थांबली. पण म्हणून सगळे संपले नाही. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळवणाऱ्याला पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये मिळतात. ही रक्कम २०२३ पासून वाढली आहे. इथे धर्म-जातीचा प्रश्न नाही, अभ्यासाचा आहे.

मुलींसाठी सर्वांत मोठा आधार राज्य सरकारचा ८ जुलै २०२४ चा निर्णय आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातील मुलींना केंद्रीभूत पद्धतीने व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही. म्हणून घाईने डोनेशन देऊन प्रवेश पक्का करण्याआधी सीईटी आणि कॅप फेरीची वाट पाहणे शहाणपणाचे.

इथे कागदपत्रांचा मुद्दा येतो. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, अत्तार, मणियार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. जुन्या शाळेच्या नोंदींत नुसते मुसलमान असे लिहिलेले असते आणि तिथेच गाडी अडते. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांपैकी कुणाच्याही शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदीत, जमिनीच्या किंवा महसुली कागदात बिरादरीचा उल्लेख सापडतो का ते शोधावे. निजामकाळातील बरेच कागद उर्दूत आहेत, घरातील वडीलधारे ते वाचू शकतात. व्यावसायिक प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते आणि त्याला महिने लागतात.

ज्या बिरादऱ्या कोणत्याही आरक्षणात नाहीत, त्या शेख, सय्यद, पठाण कुटुंबांनी तहसील कार्यालयातून ईडब्ल्यूएस दाखला काढावा. खुल्या गटातील अनेकांना हा आपल्यासाठीही आहे हे माहीतच नसते. राज्यातील प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यातील आणि केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. दोन्ही काढून ठेवावेत.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी व्याजाचे शैक्षणिक कर्ज मिळते. त्याखेरीज जकात आणि सदक्याचा पैसा गरजू विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवण्याची रीत अनेक शहरांत रुजली आहे. रमजानमध्ये शिधा वाटप करतोच, त्याबरोबर जमातीने एखाद्या गरजू मुलीच्या दोन वर्षांच्या वसतिगृहाची जबाबदारी उचलली तर एका कुटुंबाचे दिवस कायमचे पालटू शकतात. याचे मसाइल आपल्या आलिमांकडून समजून घ्यावेत.

प्रवेशापूर्वी या पाच गोष्टी पडताळा

१. मान्यता : बी.एड., एम.एड. असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, विशेष शिक्षण असेल तर पुनर्वसन परिषद, नर्सिंग असेल तर भारतीय परिचर्या परिषद. महाविद्यालयाच्या फलकावर विश्वास न ठेवता परिषदेच्या यादीत नाव पाहावे.

२. पद्धत : नियमित की दूरस्थ? दूरस्थ असेल तर तो विषय त्या विद्यापीठाला त्या वर्षी आयोगाने मंजूर केला आहे का?

३. शेवट : ही पदवी घेऊन नेमक्या कोणत्या पदासाठी अर्ज करता येतो? गेल्या वर्षभरातील एखादी जाहिरात काढून त्यातील पात्रता वाचावी.

४. प्रत्यक्ष काम : पाठ, रुग्णालयातील काम, क्षेत्रकार्य खरेच होते की फक्त वही भरून घेतात? आधीच्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारावे.

५. एकूण खर्च : फीबरोबर वसतिगृह, प्रवास, पुस्तके, परीक्षा शुल्क असा दोन्ही वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाची चर्चा आपल्याकडे लग्नाच्या चर्चेत बुडून जाते. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. स्थळ पाहताना शिक्षण पूर्ण करू देण्याची अट स्पष्ट बोलून घेता येते, आणि अशी अट आनंदाने मानणारी घरेही आज पुष्कळ आहेत. अर्धवट सोडलेले बी.एड. किंवा एमए पुन्हा सुरू करणे किती अवघड असते, हे अनेक बहिणींना ठाऊक आहे.

मुलांच्या बाबतीत वेगळी चूक होते. वडिलांच्या गॅरेजला किंवा दुकानाला हात हवा म्हणून पदवीनंतर मुलगा थांबतो. शिक्षक, परिचारक, समुपदेशक ही कामे मुलींची, असा समजही असतो. मुलग्यांच्या वसतिगृहात, व्यसनमुक्ती केंद्रात, उर्दू हायस्कूलमध्ये पुरुष समुपदेशकाची आणि शिक्षकाची तितकीच गरज आहे.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी या डिसेंबरपासून सुरू होते. केंद्रीय पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचे आणि राज्याच्या सीईटीचे अर्ज साधारण हिवाळ्यातच निघतात. तोवर जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार आणि गुणपत्रिकेवरील नावाचे स्पेलिंग हे सगळे जुळवून ठेवावे. शेख आणि शैख, फातेमा आणि फातिमा एवढ्या फरकावरूनही अर्ज अडकतात. आजच कपाटातील कागदांची फाईल काढा, मुला-मुलीला शेजारी बसवा आणि काय आहे, काय नाही याची यादी करा.